दाब आणि उघड

एसटीच्या खिडकीपाशी बसले की सर शेतं वाचायचे. मोठ्यानं वाचायचे. "अकरा पऱ्हाटी, एक तूर. अकरा पऱ्हाटी, एक तूर. धुरा. चार पडीक. एक बाभूळ." शेजारचा प्रवासी हळूहळू सरकत सीटच्या टोकावर जाऊन बसायचा. दारव्ह्याच्या गाडीत मी पहिल्यांदा त्यांच्याशेजारी बसले, तेव्हा मलाही वाटलं होतं की हा माणूस काही ठीक नाही. मग त्यांनीच समजावून सांगितलं.

"पऱ्हाटी, पऱ्हाटी, पऱ्हाटी असं अकरा वेळा म्हटलं काय अन् अकरा पऱ्हाटी म्हटलं काय, वावर तेच राह्यते. पण दुसऱ्यात तोंड कमी दुखते."

चित्र दाबून लहान करायची ही सगळ्यात सोपी रीत. एकाच रंगाचे ठिपके ओळीनं आले, तर प्रत्येक ठिपका लिहायचा नाही. किती आले तो आकडा आणि रंग लिहायचा. मला सी भाषा धड यायच्या आधी ही रीत आली, ती अशी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, ओळींमधून.

त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं, आणि ते कापसापायी असायचं. मोठ्या शहरांतून गाड्या यायच्या, माणसं उतरायची, प्रश्न विचारून निघून जायची. त्यातल्याच कुणाच्या तरी डोक्यातून एक योजना निघाली आणि यवतमाळला दोन भाड्याच्या खोल्यांमध्ये आमचं केंद्र सुरू झालं. योजना साधी होती. पाच तालुक्यांच्या गावी एकेक कॉम्प्युटर आणि एकेक स्कॅनर ठेवला होता. शेतकऱ्यानं रोगट पान आणायचं, तिथल्या ऑपरेटरनं ते स्कॅनरच्या काचेवर पालथं घालून त्याचं चित्र घ्यायचं, फोनच्या तारेवरून यवतमाळला पाठवायचं. आम्ही ते पुढे दुसऱ्या शहरातल्या किडींच्या तज्ज्ञ मॅडमकडे पाठवायचो. मॅडम चित्र पाहून सांगायच्या की कोणती कीड आहे, फवारायचं की थांबायचं.

अडचण तारेची होती. एका पानाचं चित्र यायला अर्धी दुपार जायची आणि मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चित्र लहान करणारा आणि इकडे आल्यावर पुन्हा मोठं करणारा प्रोग्राम हवा होता. त्यासाठी सरांना आणलं होतं. मी त्यांची मदतनीस.

ते पंचावन्नच्या आसपास असतील. वडील कचेरीत कारकून, भाऊ वकील, आणि हे गणिताचे मास्तर. शाळा सोडून कॉम्प्युटरकडे का वळले, असं विचारलं की म्हणायचे, "पोरं प्रश्न विचारत नव्हती. हे मशीन विचारते." सी भाषा ते एका झेरॉक्स केलेल्या पुस्तकावरून शिकले होते. त्या पुस्तकाची मधली काही पानं झेरॉक्सवाल्यानं उलटी लावली होती. सरांनी ती तशीच उलटी धरून वाचली होती, पण बांधणी बदलून घेतली नव्हती.

तयार प्रोग्राम तेव्हाही मिळायचे. साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रकल्प अधिकाऱ्यांनी, तसं सुचवलंही होतं. सर म्हणाले, "त्याच्या पोटात काय चालते ते मले दिसत नाही. लोकाचं पान त्याच्या हाती कसं देऊ?" आणि त्यांनी स्वतःचे लिहायला घेतले. छोटे छोटे तुकडे, प्रत्येक तुकडा एकच काम करणारा आणि छापला तर एका कागदावर मावणारा. एक ठिपके मोजणारा, एक रंग बदलणारा, एक फाइल उघडून तपासणारा. सगळ्यात वरच्या दोघांची नावं त्यांनी रोमन अक्षरांत, पण आपल्या बोलीत ठेवली होती: 'दाब' आणि 'उघड'.

चूक झाली की दिसणारे संदेशही बोलीतलेच. एकदा मोठ्या कचेरीतून तपासणीला एक बाई आल्या. त्यांनी भलतंच बटण दाबलं आणि पडद्यावर ओळ उमटली, "असं नाही चालत बाप्पा." बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर गंभीरपणे म्हणाले, "बरोबर सांगून राह्यला तो. तुम्ही फाइलच दिली नाही त्याले." बाई हसल्या म्हणून निभावलं.

सरांची नावं ठेवायची रीत माणसांनाही लागू होती. आमच्या शिपायाला सगळे भाऊ म्हणत; सर नुसतं 'भ' म्हणायचे. "भ, चहा." मी आले तेव्हा 'दारव्ह्याहून येणाऱ्या मॅडम' होते. दोन महिन्यांत 'दारव्हा' झाले आणि दिवाळीनंतर 'दा'. साहेबांना मात्र ते दर वेळी 'श्रीमान प्रकल्प अधिकारी साहेब' असं अख्खं म्हणायचे. साहेबांना तो मान वाटायचा. एकदा मी सरांना खरं कारण विचारलं.

"ज्याचं नाव घडीघडी घ्यावं लागते त्याचं आखूड पाहिजे," ते म्हणाले. "ज्याचं क्वचित, त्याचं लांब असलं तरी चालते. सगळं मिळून बोलणं कमी होते."

पुढे पुस्तकात मला ही रीत सापडली. जो रंग वारंवार येतो त्याला छोटी खूण, दुर्मिळ रंगाला मोठी. सरांनी ती घरच्या स्वयंपाकघरातही करून पाहिली होती. मीठ, तिखट, हळद, जिरं ओट्यावर हाताशी. वेलदोडे नि जायफळ वर माळ्यावर. आठवडाभर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, तसंच चालवून घेतलं. मग सणाला पुरणाचा घाट घातला आणि जायफळासाठी त्यांना तीनदा स्टुलावर चढावं लागलं. चौथ्यांदा त्या खाली उतरल्या त्या सगळे डबे पूर्वीच्या जागी लावूनच. मी त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा त्यांनीच हे सांगितलं. "यांचं मोजणं रोजच्या दिवसाचं. सणाचं कोणी मोजावं?" सर जेवता जेवता थांबले, डाव्या हातानं खिशातली वही काढली आणि त्यात लिहिलं: सणाला मोजणी बदलते. आठवड्याभरात 'दाब'मध्ये एक नवा तुकडा आला. तो प्रत्येक चित्रासाठी रंग नव्यानं मोजायचा.

लिहिलेला प्रोग्राम ते भाऊंना वाचून दाखवत. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. भाऊ चौथी शिकलेले. ते स्टुलावर बसून ऐकायचे आणि सर एकेका ओळीचा मराठीत अर्थ सांगत जायचे. नियम एकच, जिथं समजलं नाही तिथं भाऊंनी हात वर करायचा. एकदा त्यांनी हात वर केला. "हा जो ठिपके मोजून राह्यला जी, तो थांबते कधी?"

सरांनी बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. तो थांबत नव्हताच. ओळीतला शेवटचा ठिपका संपला तरी तो पुढच्या, कुणाच्याही नसलेल्या जागेत मोजत जायचा. तीन दिवस आम्ही दोघं ती चूक शोधत होतो. सरांनी दुरुस्ती केली आणि प्रोग्राममध्ये त्या ओळीवर टीप लिहिली: ही चूक भाऊंनी काढली. तिथं मात्र पूर्ण नाव आणि आडनाव लिहिलं.

त्यांचं एक म्हणणं मी हजारदा ऐकलं असेल. "उघडून पाह्यल्याशिवाय दाबलं म्हणू नको." प्रत्येक चित्र दाबायचं, मग उघडायचं, आणि मूळ चित्राशी ठिपक्याला ठिपका जुळवायचा. एक जरी वेगळा निघाला तरी काम झालं नाही. "नऊवारीची घडी केली अन् उलगडली तर नऊवारीच निघाली पाहिजे," ते सांगत. "घडी वेगळी अन् कात्री वेगळी."

या घडी घालण्यानं चित्र निम्म्यावर आलं. साहेबांना तेवढं पुरेना. आणि त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येत नाही. मारेगावला, दारव्ह्याला लोक पिशवीत पानं घेऊन सकाळपासून रांगेत बसायचे आणि दुपारी लाइन तुटली की तसेच परत जायचे. पान सुकून जायचं. साहेब रोज संध्याकाळी तालुक्यांना फोन करून किती लोक परत गेले ते विचारायचे आणि तो आकडा सरांच्या टेबलावर आणून ठेवायचे.

"निम्मं नको," एका दिवशी ते म्हणाले. "दहावा हिस्सा करून द्या. डोळ्याला जे कळत नाही ते टाकून द्यायचं. सगळीकडे असंच करतात."

"कोणाच्या डोळ्याला?" सरांनी विचारलं.

"कोणाच्याही. सर, लोक उन्हात बसतात हो."

तिसऱ्या दिवशी सरांनी कात्री लिहायला घेतली. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचा ढोबळ रंग आणि ढोबळ चढउतार ठेवायचा, त्यातला बारीक फरक टाकून द्यायचा. तीन आठवडे लागले. चित्र खरोखर दहाव्या हिश्श्यावर आलं. उघडल्यावर पान पानासारखंच दिसायचं. शिरा, कडा, लालसर डाग, सगळं जागच्या जागी.

तपासणीचं काम माझ्याकडे होतं. वीस पानं घेऊन मी प्रत्येकाचं आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. एका पानावर आधी देठाजवळ एक बारीक पांढरा कण होता. नंतरच्या चित्रात तो नव्हता. मला वाटलं काचेवरची धूळ असेल. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: ठीक.

नवी 'दाब' पाचही गावांत बसली आणि रांगा खरंच ओसरल्या. सकाळी पान आणावं, दुपारच्या आत उत्तर घेऊन जावं, असं होऊ लागलं. साहेबांनी पेढे वाटले.

साधारण महिन्याभरानं एका दुपारी मारेगावकडच्या एक बाई केंद्रात आल्या. पन्नाशीच्या, उंच, नऊवारी नेसलेल्या. हातातली पिशवी त्यांनी सरळ सरांच्या टेबलावर रिकामी केली. हिरवी बोंडं होती, प्रत्येकाला एक गोल भोक. एका भोकातून अळी बाहेर आली आणि सरांच्या कागदांवरून चालायला लागली.

"पानं घेऊन मी गेलती तुमच्या मशिनीकडं," त्या म्हणाल्या. "म्या त्या पोट्ट्याले सांगतलं, पांढरे कण दिसून राह्यले, अंडीच हायेत. तुमचा कागद आला, पान चांगलं हाय, फवारू नका. म्या नाही फवारलं. मले जे दिसलं थे तुमच्या मशिनीले काहून नाही दिसलं?"

मी पाणी आणायला उठले. साहेब आतून बाहेर आले आणि समजावू लागले की अंडी नंतर घातली गेली असतील, तज्ज्ञांचं उत्तर कधी चुकत नाही. बाई त्यांचं ऐकत नव्हत्या. त्या सरांकडे बघत होत्या, कारण सर त्यांच्याकडे बघत होते. कुठलंही नवं कोडं समोर आलं की सरांचा चेहरा व्हायचा तसाच झाला होता.

"कुठी होते कण?" त्यांनी विचारलं. "किती होते? आठवते का ताई?"

"सात," बाई म्हणाल्या. "कोवळ्या पानाच्या वरच्या अंगाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वणीच्या गाडीत बसून मारेगावला निघालो. त्या प्रवासात सरांनी एकही शेत वाचलं नाही. मूळ चित्रं त्या-त्या गावच्या कॉम्प्युटरवर थोडे दिवस ठेवलेली असायची. जागा भरली की ऑपरेटर ती पुसून टाकायचा. मावशींची पानं नशिबानं शिल्लक होती. त्या बाईंना मी मावशीच म्हणू लागले होते. त्याही आमच्याबरोबर ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

सरांनी मूळ चित्र उघडलं आणि मोठं केलं. कोवळ्या पानावर सात पांढरे दाणे होते. प्रत्येकाची रुंदी तीन ठिपके, फार तर चार. मग त्यांनी तेच चित्र दाबलं, उघडलं आणि तीच जागा दाखवली. हिरवं गुळगुळीत पान. काही नाही. मग त्यांनी एका चित्रातून दुसरं वजा केलं. जिथं दोन्ही सारखी तिथं काळं आणि जिथं फरक तिथं पांढरं. पडदा काळा झाला. त्यावर शिरांच्या कडांची अंधूक जाळी आली आणि त्या जाळीत सात ठिपके लखलखीत.

"वा!" सर म्हणाले.

मला अजून तो शब्द ऐकू येतो. त्यांच्या तोंडून तो निघून गेला होता, इतकं ते चित्र सुंदर होतं. पुढच्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की आपल्यामागे कोण उभं आहे. ते खुर्चीवरून उठले, मावशींकडे वळले आणि हात जोडले.

"ताई, चूक मॅडमची नाही, तुमची तर नाहीच. तुमची अंडी माझ्या प्रोग्रामनं खाल्ली. मीच लिहिला तो."

मावशींनी पडद्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "अळीच्या आधी तुमीच जेवले म्हणा," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "अन् बाकीच्याइचं काय? एकटी माह्यीच पानं थोडी आलती."

हा प्रश्न आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. ऑपरेटरनं रजिस्टर काढलं. एकट्या मारेगावात त्या महिन्याभरात पानं आणणाऱ्यांची पाच-सहा पानभर नावं होती. बहुतेकांची मूळ चित्रं पुसली गेली होती. कुणाच्या पानावर काय होतं, ते आता कळायला मार्ग नव्हता.

परतताना बसमध्ये मी सरांना त्या पांढऱ्या कणाबद्दल सांगितलं. मला धूळ वाटली आणि मी 'ठीक' लिहिलं, असं एका दमात सांगून टाकलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मोहद्याच्या आसपास गाडी थांबली तेव्हा सर म्हणाले, "मलेही धूळच वाटली असती. पण तू विचारायचं होतं दा. अन् मी तुले विचारायचं होतं की ठीक म्हणजे काय काय पाह्यलं."

साहेबांचं म्हणणं होतं की हे बाहेर काढू नये. वरून तपासणी येणार होती. प्रोग्राम गुपचूप बदलावा, जुनी घडीवाली 'दाब' परत बसवावी, झालं ते झालं. सरांनी जुनी 'दाब' त्याच दिवशी परत बसवली. पण पाचही गावांतून फोनवर नावं मागवली आणि टपाल कचेरीतून पोस्टकार्डांचे गठ्ठे आणले. त्यांच्या घराच्या ओसरीत आम्ही दोन दुपारी बसून ती लिहिली. काकू पत्ते घालायला बसल्या. मजकूर एकच होता: आपण आणलेल्या पानाचे चित्र पाठवताना आमच्या प्रोग्रामने बारीक ठिपके पुसले असण्याची शक्यता आहे. पान चांगले आहे, असे उत्तर आले असल्यास त्यावर विसंबू नये. कृपया पान पुन्हा तपासून घ्यावे. चूक माझी आहे. खाली सरांची सही आणि घरचा पत्ता.

पहिल्या गठ्ठ्यानंतर मी त्यांच्या सहीखाली माझी सही करायला लागले. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. "तुले नोकरी करायची हाय अजून," ते म्हणाले. मी ते परत ओढून घेतलं. त्यानंतर ते सही करताना खाली थोडी जास्त जागा सोडू लागले.

कार्डं पोचली. काही लोक पुन्हा पानं घेऊन आले. काही भांडायला आले आणि सरांनी प्रत्येकाला ते काळं चित्र दाखवलं. एक जण तर ते चित्र छापून मागून घेऊन गेला, गावात दाखवायला. साहेब मात्र संतापले. केंद्राचं नाव खराब झालं, असं त्यांचं म्हणणं, आणि महिनाअखेर सरांना कार्यमुक्त करायचं ठरलं. मला ठेवलं, कारण 'दाब'च्या पोटात काय आहे हे समजणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण जुन्या 'दाब'बरोबर जुन्या रांगाही परत आल्या. लोक पुन्हा दुपारभर बसू लागले. सर मारेगावला पुन्हा गेले, या वेळी थेट मावशींच्या वावरात. मीही गेले होते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून त्यांनी मावशींना दोन्ही अडचणी सांगितल्या. सगळं पाठवलं तर वेळ जातो आणि थोडं पाठवलं तर अंडी जातात. मावशी पऱ्हाटीची पानं उलटून बघत पुढे चालल्या होत्या. पान उलटायचं, एक नजर टाकायची, सोडायचं. मग एका पानाशी थांबल्या.

"सारं पान कायले धाडता?" त्या म्हणाल्या. "मी बोट ठेवते ना. जेथी बोट ठेवलं तेथी नका दाबू. बाकीचं दाबा पाहिजे तेवढं."

सर चटकन धुऱ्यावरून उठले आणि वही काढायला खिसे चाचपू लागले. वही यवतमाळलाच राहिली होती. त्यांनी ते माझ्या बसच्या तिकिटामागे लिहिलं.

शेवटचे दोन आठवडे त्यांनी त्यावरच घालवले. ऑपरेटरनं माउसनं चित्रावर एक चौकट काढायची. चौकटीच्या आतलं सगळं ठिपक्याला ठिपका जसंच्या तसं, बाहेरचं कात्रीनं. ऐकायला सोपं, पण दोन तऱ्हांनी दाबलेलं एकाच फाइलमध्ये बसवायचं आणि उघडताना शिवण दिसू द्यायची नाही, यात सरांनी दोनदा सगळं फाडून नव्यानं लिहिलं. त्या तुकड्याचं नाव 'बोट'. भाऊंनी तो ऐकताना एकदाही हात वर केला नाही, याचं सरांना फार समाधान वाटलं.

केंद्र पुढे दीड-दोन वर्षं चाललं. मग मोबाइलमध्ये कॅमेरे आले, तारा बदलल्या, आणि कुणालाही न सांगता योजना थांबली. सर घरी गणिताच्या शिकवण्या घेऊ लागले. मी नोकरीसाठी नागपूरला गेले. सुरुवातीला पत्रं व्हायची, त्यांत ते मला विचारायचे की तुझ्या ऑफिसात मूळ चित्र किती दिवस ठेवतात. त्यांच्या हयातीतल्या शेवटच्या भेटीतही त्यांनी हेच विचारलं होतं.

पण मला त्यांचा आठवतो तो केंद्रातला शेवटचा दिवस. कार्यमुक्तीचा कागद टेबलावर होता, साहेब सहीसाठी उभे होते. सर म्हणाले, "श्रीमान प्रकल्प अधिकारी साहेब, मारेगावचं एक पान येऊन राह्यलं. तेवढं पाहू द्या." साहेबांनी घड्याळात पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

चित्र लवकर आलं. 'उघड' चालवली तसं ते पडद्यावर उतरलं आणि आम्ही तिघंही पुढे झुकलो. मावशींना चौकट-बिकट मान्य नव्हती. त्यांनी खरोखरचंच बोट पानाशेजारी काचेवर ठेवलं होतं, आणि ऑपरेटरनं त्या बोटाभोवती चौकट काढली होती. बाकी सगळं पान पाण्याखाली असल्यासारखं मऊ, ढोबळ. आणि एका कोपऱ्यात लख्ख: बोटाच्या पेरावरच्या रेषा, नखाच्या फटीतला हिरवा रस, आणि नखाच्या पुढे तीन पांढरे दाणे.

ते मॅडमकडे गेलं. तासाभरात उत्तर आलं: "तीन अंडी. फवारणी करावी. नेहमीचे औषध."

सरांनी स्वतः मारेगावला फोन लावला. लाइनीत खरखर होती, त्यामुळे ते उभं राहून ओरडत होते. "ताई, तीन अंडी हायेत! मॅडमनं सांगितलं, फवारा म्हणून!"

तिकडचा आवाज मला टेबलाच्या पलीकडे ऐकू आला. "तीन हायेत थे मले माहीत हाय जी. म्हून तं बोट ठेवलं. कोणतं औषध मारू, थे सांगा."

"नेहमीचं!"

"नेहमीचं म्हंजे कोणाच्या नेहमीचं?"

सरांनी कागद पुन्हा पाहिला. औषधाचं नाव कुठेच नव्हतं. ते रिसीव्हर कानाला तसाच धरून खाली बसले आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "तुमचा तो दुसरा फोन आणता का जरा? मॅडमले विचारावं लागते."

साहेब उठले आणि आत जाऊन फोन घेऊन आले.